हात ठेवायची जागा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे अजून चुकतं. शब्दही साधेच आहेत, कारण दुसरे येत नाहीत. शाळा लवकर सुटली. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो, त्याची ही गोष्ट आहे. घरात त्याला धाकटा म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. त्याने ती मला चहा पिता पिता तुकड्यातुकड्याने सांगितली आणि शेवट मी स्वतः पाहिला. माझ्या पदरचं तिखटमीठ यात काही नाही.

१

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे घूं. गाणं सुरू व्हायच्या आधी, दोन गाण्यांच्या मध्ये, स्पीकरमधून जो जाडसर एकसुरी आवाज येत राहतो, तो. गिऱ्हाईक त्याला काय वाटेल ते म्हणतं. कुणी म्हणतं, आत भुंगा शिरलाय. कुणी म्हणतं, आमचा सेट घोरतो. एक बाई म्हणाल्या होत्या, "अगदी आमच्या ह्यांच्यासारखा आहे. बोलत काही नाही, पण धुसफूस चालूच."

तो शोधायची रीत ठरलेली आहे. सगळ्या वायरी काढायच्या, मग एकेक लावत जायचं. जी लावल्यावर घूं येईल, तिथे दुखणं. पण त्याआधी एक सोपी परीक्षा असते. सेटच्या पत्र्याला हात लावून बघायचा. हात ठेवल्यावर घूं गेला, तर अर्थिंगची वायर कुठेतरी सुटली आहे असं समजायचं. जमिनीत जायची वाट बंद झालेली असते, ती आपल्या अंगातून मिळते. हात काढला की घूं परत येतो.

धाकटा मुळात लाजाळू. समोर माणूस आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. फोनवर मात्र जरा सुटतो. त्यामुळे ही परीक्षा तो लोकांना फोनवरच करायला लावायचा. पायात चप्पल घाला, म्हणायचा, आणि पत्र्याला हात लावून सांगा.

भावजींनाही त्याने हेच सांगितलं. भावजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान.

"काय इंजिनिअरसाहेब, सवड आहे का?" भावजींची सुरुवात नेहमी अशी. धाकट्याला ते लागायचं, पण ताईकडे बघून तो गिळायचा.

"बोला ना, भावजी."

"आमच्या बाबांचा जुना सेट माळ्यावरून खाली काढलाय. आवाज म्हणजे काय सांगू तुला! पण मागून घूं येतोय. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळतं."

"पत्र्याला हात लावून बघता का?"

"मी इथे पॅसेजमध्ये फोनवर आहे. थांब." मग भावजी आत तोंड करून ओरडले, "अगं ए! त्या सेटवर हात ठेव. पुढे नाही. मागच्या कोपऱ्यावर. आणखी मागे. हां, तिथे."

फोनमधून लांबून येणारा घूं एकदम तुटला.

"गेला," भावजी म्हणाले. "पार गेला रे."

"मग अर्थिंगच आहे. मी येऊन जोडून देतो. तोवर सेट बंद ठेवा."

"बंद कशाला?" भावजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकट्याचं जाणं या रविवारी नाही, पुढच्या रविवारी असं करत लांबत गेलं. त्या घरात पाहुण्यासारखं बसायचं त्याच्या जिवावर यायचं. आणि भावजींनी पुन्हा आठवणही केली नाही. चहात साखर कणभर जास्त झाली तरी दिवसभर ऐकवणारा माणूस, घूंबद्दल एक शब्द बोलला नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं, असं धाकटा आता म्हणतो.

२

ताई म्हणजे त्यांच्या घरातला रेडिओ. लग्नाआधी ती बोलायला लागली की आई म्हणायची, "अगं, श्वास घे मधे, आम्ही कुठे पळून जात नाही." लग्नानंतरही तिचे फोन यायचे आणि 'हॅलो' म्हणायच्या आधी तिच्या इमारतीतल्या दोन भांडणांची बातमी देऊन झालेली असायची.

हळूहळू ते कमी झालं. आईच फोन करायची. पलीकडून ताई "हं" म्हणायची. आई विचारायची, जेवलीस का. हं. बरी आहेस ना. हं. आणि त्या हंच्या मागे सतत एक आवाज.

"तुमची ती लाइन खराब आहे," आई फोनवर ओरडून सांगायची. मग धाकट्याला म्हणायची, "हिला माझं काही ऐकूच येत नसणार. म्हणून बोलत नाही बिचारी."

धाकट्याने आपल्याकडचा फोन उघडून पाहिला. मावशीकडे लावला, दुकानात लावला. काचेसारखा स्वच्छ. ताईकडे लावला की घूं.

"तू जा," आई म्हणाली. "वायर बदलायची असेल तर बदल. काय असेल ते असो, मला माझी पोरगी बोललेली ऐकायची आहे. एवढं एक काम कर माझं."

आईने एवढ्या वर्षांत त्याला काम असं कधी सांगितलं नव्हतं. लोकांना सांगायची, आमचा हा काय, स्क्रू पिळतो. त्याने हत्यारांची पिशवी भरली आणि सकाळच्या बसने निघाला.

३

दार भावजींनी उघडलं. "या, इंजिनिअरसाहेब! आवाज न करता या. रेकॉर्डची बाजू संपत आलीय."

गाण्याच्या खोलीत एकच खुर्ची होती, भावजींची. तिच्या समोर दोन उंच स्पीकर आणि त्यांच्या मध्ये बुटक्या टेबलावर सेट. खिडक्यांना जाड पडदे. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. त्याची टिकटिक मधे येते म्हणून भावजींनी सेल काढून ठेवला होता. फोन पॅसेजमध्येच, कारण गाण्याच्या खोलीत फोन चालणार नाही. आणि सेटच्या बाजूला एका ठेंगण्या स्टुलावर ताई बसलेली. उजवा हात सेटच्या मागच्या कोपऱ्यावर. मांडीवर वाडगा, आणि डाव्या हाताने ती मटार सोलत होती. एका हाताने. अंगठ्याने शेंग चिरायची, बोटाने दाणे पाडायचे. सराईत काम.

"आलास एकदाचा!" ताई हळू आवाजात म्हणाली, पण डोळ्यांत सगळं हसू. "किती वाळलायस रे! आई जेवायला घालते की नुसती भाषणं देते?"

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. ताई होती तशीच होती. म्हणजे लाइनच खराब.

"आधी भाषण, मग जेवण," तो म्हणाला.

"आणि आपल्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं काय झालं? त्यांच्या सुनेने खरंच वेगळं स्वयंपाकघर केलं? आई मला धड सांगतच नाही, नुसती हॅलो हॅलो करते."

"श्श," भावजी म्हणाले.

गाणं संपलं. भावजींनी उठून रेकॉर्डवरची सुई उचलली. ताई वाडगा घेऊन उठली. "सांग ना, ती सून म्हणे भांड्यांवर सुद्धा नाव—" म्हणता म्हणता तिने सेटवरचा हात काढला.

वाक्य तिथेच राहिलं.

"नाव काय?" धाकट्याने विचारलं.

"हं," ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

धाकटा उभाच राहिला. दोन गोष्टी एकदम खटकल्या होत्या आणि तो आपल्या सवयीने कामाची गोष्ट आधी धरून बसला. सेट चालू होता. अर्थिंग सुटलेलं होतं. हात काढला होता. म्हणजे आता स्पीकरमधून घूं यायला हवा. तो स्पीकरजवळ वाकला. काही नाही, निव्वळ शांतता.

घूं मात्र कुठेतरी होता. एक आतल्या खोलीतून येत होता.

"माझी आई आहे आत," त्याचं तोंड बघून भावजी म्हणाले. "तिला सवय आहे घशात आवाज करायची. मी लहान होतो तेव्हापासून."

आणि एक स्वयंपाकघरातून. फ्रिज असेल, धाकटा स्वतःशी म्हणाला. जुने फ्रिज असेच बोंबलतात.

४

"आता कशाला उघडतोस?" भावजी म्हणाले. "चाललंय की छान."

"पण ताईला असं बसून राहावं लागतं..."

"कुणी बसवलंय? गाणं असतं तेवढा वेळ. तिला विचार. स्वतःहून येऊन बसते. गाणं नसलं तरी बसते कधी कधी."

"हात काढला तरी स्पीकरमध्ये घूं नाही, भावजी. मग ती बसते कशाला?"

"ती बसली नाही की घूं येतो."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? खोलीत येतो," भावजी वैतागून म्हणाले. "कुठून ते शोधायचं काम तुझं की माझं?"

धाकटा आयुष्यात फार कमी वेळा हट्टाला पेटला असेल. त्या दिवशी पेटला. वायर जोडल्याशिवाय जाणार नाही, म्हणाला. भावजींनी हात झटकले. "कर बाबा. पण काही बिघडवलंस तर बघ."

त्याने प्लग काढला, सेट पुढे ओढला, आणि झाकण उघडायच्या आधी तो कोपरा पाहिला.

पत्र्याला काळा रंग होता. त्या कोपऱ्यावरचा रंग उडून खालचं लोखंड चकाकत होतं. चार बोटं, अंगठा आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग. जिन्याच्या कठड्याला असा गुळगुळीतपणा येतो, लोकांनी वर्षानुवर्षं हात घासून. हाताचा ठसा मोठा होता, रुंद बोटांचा. त्याच्या आत, अंगठ्याशेजारी, एक छोटा, नुकताच उजळायला लागलेला दुसरा. तो ताईचा. थोड्या महिन्यांत रंग इतका झिजत नाही. मोठा तर कुणा दुसऱ्याचाच.

"तो जुना आहे," भावजी म्हणाले. "बाबा ऐकायचे तेव्हा आई बसायची ना तिथे." चपलांचा स्टँड कुठे असायचा ते सांगावं, तसं ते म्हणाले. "सेट खाली काढला तेव्हा आधी तिलाच बसवून पाहिलं. पण उलटंच झालं. तिने हात ठेवल्यावर घूं वाढला. वय झालं तिचं."

धाकट्याने झाकण उघडलं. अर्थिंगची वायर तुटलेली नव्हती, सैल झाली नव्हती. ती कुणीतरी मुद्दाम सोडवली होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, नीट घडी घालून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. चिकटपट्टी पिवळी पडून खडखडीत झाली होती. घूं घालवायला काही लोक अर्थिंग तोडतात, हे आम्हाला माहीत आहे. ते चुकीचं आहे, जिवावरचं आहे, पण करतात. धाकटा म्हणाला, मी तशीच समजूत घातली स्वतःची. भावजींच्या वडिलांनी अर्धवट कुठेतरी ऐकून केलं असेल.

पण इतकी काळजीपूर्वक? दोऱ्याची गाठ, त्यावर आणखी एक गाठ?

स्वयंपाकघराच्या दारात ताई येऊन उभी होती. तोंड मिटलेलं. ती मान हलवत होती, अगदी थोडी. नको म्हणत होती की नुसतीच हलत होती, ते त्याला तेव्हा कळलं नाही. त्याने वायर सोडवली, पत्रा घासला, स्क्रू पिळून घट्ट बसवला.

५

प्लग लावला. रेकॉर्ड नाही, काही नाही, आवाज पूर्ण वर. स्पीकर शांत. आमच्या कामात यापेक्षा चांगलं काही नसतं.

खोलीत घूं होता.

धाकट्याने सेट बंद केला. घूं होता. स्पीकरच्या वायरी काढल्या, प्लगही काढला. होताच. शेजारच्यांची मोटर असेल, इमारतीचा पंप असेल. पण तो भिंतीतून येणारा आवाज नव्हता. मग त्याने पॅसेजमध्ये जाऊन घराचा मेन स्विच खाली पाडला. पंखा रेंगाळत थांबला. स्वयंपाकघरातला फ्रिज एकदा थरथरून गप्प झाला.

घरात वीज नव्हती आणि दोन घूं चालू होते. एक आतल्या खोलीच्या बंद दारामागे, एक इथे.

"मेन कशाला पाडला?" भावजी म्हणाले. धाकटा उत्तर द्यायला थांबला नाही. दुकानात करतो तसं डोकं थोडं तिरकं करून, एक कान पुढे करून तो खोलीभर फिरला. खिडकीजवळ कमी. खुर्चीजवळ कमी. दाराजवळ जास्त. आणखी जास्त. तो थांबला तेव्हा त्याचा कान ताईच्या खांद्यापाशी होता.

तिचे ओठ बंद होते. गळा हलत नव्हता. श्वास चालू होता, आणि श्वास आत जाताना, बाहेर येताना, आवाजात काडीचाही फरक पडत नव्हता. माणूस गुणगुणतो तेव्हा कुठेतरी मोडतो, दम घेतो. हा मोडत नव्हता. हा तोच सूर होता जो धाकटा दिवसभर ऐकतो, विजेच्या तारेतला, झोपेतही ओळखेल असा. तो ताईच्या पाठीतून येत होता.

घशाचं दुखणं, तो स्वतःशी म्हणाला. छातीत कफ. बसून बसून नस आखडली असेल. सगळी कारणं एकापाठोपाठ आठवली, आणि एकही त्या सुराला बसेना.

त्याने स्पीकरच्या वायरी आणि प्लग परत लावले, मेन चालू केला. ताई त्याला बाजूला सारून सेटकडे गेली. स्टुलावर बसली. हात नेहमीच्या जागी ठेवला. मघाशी जिथे हात ठेवून ती हसत होती, बोलत होती, तीच जागा.

काही झालं नाही. घूं तसाच.

तिने हात थोडा सरकवला. पुन्हा सरकवला. मग दोन्ही हातांनी ती सगळा पत्रा चाचपायला लागली, वर, बाजूला, मागे, अंधारात दिव्याचं बटण शोधतात तसं. मग तिने मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. बोलता येत असतं तर ती काय बोलली असती, ते त्याने मला सांगितलं नाही.

भावजींनी रेकॉर्ड लावली होती. खुर्चीत मागे रेलून ते थोडा वेळ ऐकत राहिले. "वा! आता हाताचीही गरज नाही. मानलं तुला." मग कपाळाला आठी पडली. "तेवढं तिचं ते मधे येतंय. तिला म्हणावं, आत आईपाशी जाऊन बस. आणि दार लोटून घे."

ताई उठली. सांगितलेलं ऐकायची तिला सवय झालेली होती. तिने आतल्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा धाकट्याला आत दिसलं ते एवढंच. पलंगावर सासूबाई, पाठमोऱ्या. शेजारी लोखंडी कपाट. त्यांचा रुंद हात कपाटाच्या दारावर हळूहळू सरकत होता. आणि त्या दारावर, बसल्या बसल्या हात पोचेल तिथपर्यंत सगळीकडे, रंग उडालेल्या चकचकीत जागा. हाताएवढ्या. एकीला लागून दुसरी, दुसरीवर तिसरी.

ताई दाराशी थांबली. सासूबाईंनी मागे न बघता पलंगावर थोडं सरकून तिला जागा करून दिली.

"ताईला घरी नेतो," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं होतं, भांडण होईल. त्यासाठी त्याने मनात वाक्यं जुळवली होती.

"ने की," भावजी डोळे न उघडता म्हणाले.

६

बसमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिनाच्या आवाजात घूं मिसळून गेला.

आई दारातच उभी होती. ताईला कुशीत घेतलं, गालावरून हात फिरवले, आणि बोलत सुटली. वरच्या बाईंची सून, भांड्यांवरची नावं, सगळं. ताई हं म्हणत होती. आईला थोड्या वेळाने कळलं. तिने ताईच्या पाठीवर हात ठेवला, आणि पोळल्यासारखा काढून घेतला.

"लाइन खराब नव्हती," आई म्हणाली.

"नाही."

दुपारभर ताई घरात फिरत होती. नळाला हात लावून बघायची. खिडकीच्या गजांना. शेगडीला. धाकट्याच्या टेबलावरच्या उघड्या सेटला. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबायची, वाट बघायची, पुढे जायची. आई तिच्या मागे मागे, नुसती हात चोळत. शेवटी तिने धाकट्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"तू दुरुस्ती करतोस ना? जगाचं दुरुस्त करतोस. हिचं कर."

"आई, मी जे दुरुस्त केलं, त्यानेच..."

"मला ते कळत नाही," आई म्हणाली. "ती बोलली पाहिजे."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा उठून बघतो तर ताई दाराशी तयार उभी. पायात चपला, खांद्याला पिशवी. तिने त्याच्या हत्यारांतून काढलेला स्क्रू ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. धाकट्याने तो घेतला नाही. आधी भावजींना फोन लावला.

"भावजी, तो सेट काही दिवस आमच्याकडे द्याल? वापरून परत करतो."

"सेट?" भावजींचा विश्वास बसेना. "अरे, बाबांचा सेट आहे तो! तुझी ताई ठेवून घे हवे तितके दिवस. सेट कसा देणार?"

मग त्याने ताईच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला.

पहिल्या बसने दोघं पोचले तेव्हा भावजी ऑफिसला निघायच्या घाईत होते. धाकट्याने झाकण उघडलं, कालच घट्ट बसवलेला स्क्रू सोडवला, वायर बाहेर काढली. टोकाला नवी चिकटपट्टी लावली, होती तशी घडी घातली, दोऱ्याने बांधली. दुसरी गाठ कशाला होती ते आता त्याला कळलं: वायर चुकून सुटून पत्र्याला लागली, की तिथे ठेवलेला हात बिनकामाचा. झाकण लावलं, प्लग लावला. मग ताईच्या आधी त्याने स्वतःचा हात त्या जागेवर ठेवला.

पत्रा कोमट होता. तो म्हणतो, घशाशी काहीतरी येऊन बसल्यासारखं झालं. काही बोलायचं होतं, ते कुठे गेलं कळेना, आणि नाही बोललं तरी चालेल असंही वाटलं. तेच सगळ्यात वाईट होतं, म्हणतो. नाही बोललं तरी चालेल असं वाटलं.

ताईने त्याचं मनगट धरून हात उचलला आणि बाजूला केला. लहानपणी गरम भांड्याजवळून करायची, तसा. तो ओढून घेऊन परत ठेवता आला असता. त्याने ठेवला नाही.

ती स्टुलावर बसली. हात ठेवला. घूं तुटला.

"बापरे," ताई म्हणाली. आवाज बसला होता, पण तिचाच होता. "काल दिवसभर आई काय काय बोलत होती रे! मला सुनेचं सगळं कळलं, पण मधे एक शब्द विचारता आला नाही. जीव नुसता कासावीस." ती हसली. धाकट्याला हसता आलं नाही.

"ताई, चल इथून."

"कुठे?" ताई म्हणाली. ती खरोखर विचारत होती. मग तीच म्हणाली, "रडू नकोस. तुझी पिशवी आण. त्या फोनला लांब वायर लावून दे, इथपर्यंत येईल एवढी. आईशी बोलता तरी येईल."

भावजी बूट घालत होते. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले, "चाललंय ते चालू दे. फोनचं काय ते करा, पण गाण्याच्या वेळी वाजला नाही म्हणजे झालं."

धाकट्याने पॅसेजमधून वायर आणली. भिंतीच्या कडेने, ठिकठिकाणी क्लिपा ठोकून, दाराच्या चौकटीखालून. पायात येऊ नये, डोळ्यांत खुपू नये म्हणून कोपऱ्यांवर नीट वळवली. इतकं स्वच्छ काम त्याने आमच्या दुकानात कधी केलेलं नाही. फोन त्याने स्टुलाच्या डाव्या बाजूला ठेवला. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्या मागचा घूं निघेपर्यंत त्याला ऐकू येत होता.

तो दुकानात आला तेव्हा मी दुपारच्या जेवणानंतर नुकतं शटर वर केलं होतं. त्याने पिशवी ठेवली, टेबल पुसलं, कालपासून पडलेला एक रेडिओ पुढे ओढला. थोड्या वेळाने दुकानाचा फोन वाजला. त्याची आई होती. इतक्या आनंदाने बोलत होती की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होतं.

"अरे, ताईचा फोन आला होता! किती बोलली! श्वास घेईना! लाइन एकदम साफ झालीय. काय केलंस तू?"

"वायर बदलली," धाकटा म्हणाला.